दाढ काढा, सीझनला निघालोय

दातांच्या डॉक्टरकडे किस्से कुठून जमणार, असं लोकांना वाटतं. पेशंटच्या तोंडात कापूस, आरसा आणि माझी दोन बोटं. तो बोलणार कधी? पण माझ्याकडे एक वेगळीच जमात येते. ज्यांचं तोंडच नीट उघडत नाही अशी. आणि चोवीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर सांगते, ज्याचं तोंड उघडत नाही तो सगळ्यात जास्त बोलतो! मी ऐकते, घरी घेऊन जाते, विसरायचा प्रयत्न करते. विसरलं काहीच जात नाही. नुसतं साचत राहतं.

कानाच्या अगदी समोर बोट ठेवा आणि तोंड उघडझाप करा. बोटाखाली जे हलतं ना, तो जबड्याचा सांधा. गुडघ्यासारखाच तो झिजतो, कुरकुरतो, अडकतो. पण गुडघा झिजला म्हटलं की लोक समजुतीने मान डोलावतात, आणि जबडा झिजला म्हटलं की माझ्याकडे संशयाने बघतात. "मॅडम, दाढच असंल. नीट बघा!" पाथर्डीत हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा माझं स्वतःचं नावसुद्धा ऐकलेलं नाही.

क्लिनिक एसटी स्टँडच्या मागे. एक खुर्ची, मनात आलं तरच चालणारा एक कॉम्प्रेसर, आणि मदतीला शोभाताई. शोभाताई पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहेत आणि पहिल्या दिवसापासून त्यांचं मत आहे की मी पेशंटला फार समजावत बसते.

त्यांचं खरं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

* * *

वय वाढलं की झीज वाढते आणि झीज वाढली की दुखणं वाढतं, इतकं हे सरळ असतं तर माझे केस एवढे पांढरे झाले नसते.

एक रिटायर्ड गुरुजी आले. वय चौऱ्याहत्तर. कवळी करायची होती म्हणून जबड्याचा मोठा एक्स-रे काढून आणायला त्यांना नगरला पाठवलं. एक्स-रे बघून मलाच घाम फुटला. दोन्ही सांधे पार चपटे झालेले, हाडाला कडेने काटे फुटलेले.

"गुरुजी, दुखतं किती?"

"छे! काहीच नाही. सकाळीच मूठभर फुटाणे खाल्ले, आहेत त्या दातांनी."

मला राहवेना. मी कागद घेतला, चित्र काढलं, सांधा कसा असतो, कूर्चा म्हणजे काय, ती कशी झिजते, पंधरा मिनिटं शिकवलं. गुरुजींनीही चांगल्या विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारले. जाताना ते चित्र घडी करून खिशात घातलं.

आठ दिवसांनी गालावर हात धरून हजर! "तुम्ही सांगितल्यापासून दुखायला लागलंय, मॅडम. माहीत नव्हतं तेव्हा बरं होतं."

गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायाम झाले. दुखणं काही गेलं नाही. ते आजही मऊ खिचडीवर आहेत. त्यांच्या मंडळी मला बाजारात भेटल्या की भाजीच्या गाड्याकडे तोंड फिरवतात.

* * *

चंद्रकला पहिल्यांदा आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लग्नाला वर्ष झालेलं. दसरा नुकताच झाला होता. नवरा दत्तू दारातच चपलांपाशी उभा आणि ही खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "बाई, दाढ काढा. सीझनला निघालोय."

हे वाक्य आमच्या भागाबाहेरच्या डॉक्टरला कळायचं नाही. आमच्याकडची अर्धी गावं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, सहा-सहा महिने. निघायच्या आधी माणसं ताडपत्री शिवून घेतात, कोयत्याला धार लावतात आणि जराशी शंका असलेली दाढ काढून टाकतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. तिकडे उसाच्या फडात एकाची दाढ ठणकली की अख्खा कोयता बसला. मग इथेच काढलेली बरी, असा साधा हिशेब.

मी तिचं तोंड बघितलं. बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत! दुखत होतं ते डाव्या कानापुढे. तोंड जेमतेम अडीच बोटं उघडत होतं, चांगलं तोंड तीन तरी उघडतं. नगरहून एक्स-रे काढून आणायला लावला, त्यात डावा सांधा एका बाजूने चपटा झालेला दिसला. गुरुजींचा होता तसाच, फक्त गुरुजींपेक्षा पंचावन्न वर्षं आधी.

"दाढेला मी हात लावणार नाही," मी म्हटलं. "दाढ चांगली आहे. सांधा बिघडलाय. आत्ता सांभाळलास तर सांभाळला जाईल. नाहीतर तिशीच्या आत भाकरीचा घास तोंडात जायचा नाही. दर महिन्याला मला दाखवायला ये."

"महिन्यानं आमी कुठं असू, बाई? कर्नाटकात."

मग मी वरच्या दातांवर बसणारी एक पारदर्शक पट्टी करून दिली. झोपताना घालायची, म्हणजे दात एकमेकांवर दाबले जात नाहीत आणि सांध्याला आराम मिळतो. कशी धुवायची, कशी ठेवायची, सगळं दोनदा सांगितलं. तिने ती हातरुमालात बांधली, कपाळाला लावली आणि गेली.

एप्रिलमध्ये परत आली. तोंड दोन बोटं उघडत होतं.

"पट्टी वापरलीस ना?"

"लई जपून ठिवलीय, बाई!"

"कुठे?"

"घरी, पेटीत. कुलूप लावून. तिकडं फडावरच्या कोपीत ऱ्हातो, तितं हरवंल म्हनून नेलीच न्हाई."

* * *

शेवगावची एक मुलगी. सतरा वर्षांची, बारावीला. जांभई दिली की जबडा अडकायचा आणि मग वर्गात तसंच तोंड धरून बसायची. वडिलांचं मार्केट यार्डात दुकान. ते एक्स-रेकडे न बघताच म्हणाले, "सतराव्या वर्षी कसली झीज? मी पन्नाशीचा हाय, माझं काय झिजलंय का?"

त्यांना समजावण्यात माझा तास गेला. ते पाणी प्यायला बाहेर गेले तेवढ्यात आईने माझा हात धरला.

"बाई, फाईलीवर दाढ लिहा. सांध्याचं दुखनं हाय म्हनलं की पोरीला स्थळं यायची न्हाईत."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ती बाई रडायला लागली, मुलगी खाली मान घालून बसली होती, बाहेर सहा पेशंट. मी लिहिलं, 'डावी खालची दाढ, दुखते.' सही केली. उपचार मात्र सांध्याचेच दिले.

दोन वर्षांनी तिचा फोन आला. लग्न झालं होतं. सासरी जबडा दुखायला लागला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी जुनी फाईल मागितली, वाचली आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून दाढ काढली.

"मॅडम, दाढ गेली. दुखतं तसंच."

त्या डॉक्टरांवर चिडायचीही सोय नाही. सही माझी होती.

* * *

शनिशिंगणापूरला पूजेच्या ताटांचं दुकान असलेला एक जण यायचा. अडतीस वर्षांचा. सकाळी पाचपासून "या ताई, या दादा, इकडं चप्पल ठेवा, इकडं तेल घ्या" असं ओरडायचं काम. उजवा सांधा सुजून कानापुढे उंचवटा आलेला.

"दोन महिने बोलणं कमी करा," मी म्हटलं.

"साडेसाती चालू हाय माझी, मॅडम. अडीच वर्षं राहिलीत. ती गेली की दुखनंबी जाईल."

"साडेसाती जाईल, सांधा परत येणार नाही! तोंड बंद ठेवा, एवढंच सांगते."

 तो म्हणाला, "मॅडम, आमच्या गावात घराला दार लावत न्हाईत. आन् तुमी माझ्या तोंडाला दार लावाया सांगता?"

शोभाताई हसून हसून बाहेर गेल्या. मीही हसले. तो नंतर वर्षभराने दिसला, जत्रेच्या गर्दीत. एका हाताने जबडा खालून धरला होता आणि दुसऱ्या हाताने गाड्यांना खुणा करत होता. मोठा स्पीकर लावून घेतला होता, त्यातून त्याचाच जुना आवाज येत होता. मला बघून त्याने हात जोडले, बोलला काहीच नाही. मी पुढे गेले. मला तिथे थांबवेना.

* * *

शोभाताईंची थोरली जाऊ, मार्थाबाई. पंचावन्न वर्षांच्या. चर्चच्या क्वायरमध्ये चाळीस वर्षं गायलेल्या. त्यांचा जबडा आधी नुसता वाजायचा. अख्खं चर्च डोळे मिटून प्रार्थनेत, आणि मार्थाबाई 'आमेन' म्हणायला तोंड उघडतात तोच कट्! पुढच्या बाकावरची मुलं मागे वळून बघायची. नंतर कट् जाऊन खरखर सुरू झाली, जात्यात खडा आल्यासारखी. ही खरखर म्हणजे झिजेची पुढची पायरी.

त्यांनी आमेन म्हणणंच सोडलं. मग गाणंही सोडलं. पाळकसाहेब घरी येऊन विचारून गेले, की बाई, विश्वास डळमळलाय का?

मी विचारलं, "मग काय सांगितलंत?"

"काय सांगनार? म्हनलं, विश्वास जाग्यावर हाय, जबडा हललाय!"

आणि मग रडल्या. मी त्यांना गाण्याची आशा लावू शकले नाही. खोटं कशाला बोलू? उपचाराने दुखणं कमी होतं, झिजलेलं भरून येत नाही. शोभाताई त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी कुलूप लावताना फक्त म्हणाल्या, "थोडं खोटं बोलायला काय झालं होतं, मॅडम?"

* * *

आता माझं. मी एकोणपन्नासची, आणि माझाही उजवा सांधा गेलेला आहे. पेशंटना सांगत नाही, कारण मग ते विचारतात की तुम्ही स्वतः बऱ्या का नाही झालात!

एका वाडीवर शिबिर होतं. शाळेच्या ओट्यावर चाळीसेक बायका. मी तासभर बोलले. ऊस दातांनी सोलू नका, कडक भाकरी भिजवून खा, दुखलं की लगेच दाढ काढू नका, आधी तपासा. बायका मन लावून ऐकत होत्या. मला वाटलं, चला, काहीतरी पोचलं.

मग जेवण. बाजरीची भाकरी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे. मी भाकरी आमटीत कुस्करली आणि हळूहळू खायला लागले. शेजारी ऐंशीच्या पुढची एक आजी. तोंडात एक दात नाही. ती हिरड्यांनी भाकरी मोडत होती आणि शेंगदाणेही सोडत नव्हती. तिने माझ्या ताटात बघितलं.

"बाई, दात तुमाला हायेत का मला?"

"मला."

"मंग खातंय कोन?"

सगळ्या हसल्या. आजी पुढे म्हणाली, "दात गेलं, दुखनं गेलं. मी तर सांगती, समदंच काढून टाका!"

पुढच्या आठवड्यात त्या वाडीवरच्या सहा जणी क्लिनिकला आल्या. सहाही दाढ काढायला! माझं तासाभराचं भाषण पाण्यात आणि आजीचं एक वाक्य लागू. घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, मला हे बंद करायचंय. तो म्हणाला, दर दिवाळीला म्हणतेस.

* * *

हे सांगायला मला आवडत नाही, पण चंद्रकलेचं सांगायला घेतलंय तर पूर्ण सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या वर्षी ती पट्टी घेऊन गेली आणि सीझनमध्ये तीन आठवडे घातलीसुद्धा. मग मुक्काम हलवताना कुणाच्या तरी पायाखाली तिचा चुरा झाला. मी दुसरी करून दिली. दर वेळी विचारायचे, "काय खातेस? ऊस चघळतेस का? कडक भाकरी?" दर वेळी उत्तर एकच, "न्हाई बाई, भिजवून खाते." तरी तोंड थोडं थोडं मिटतच चाललेलं.

तिसऱ्या वर्षी ती आली तेव्हा बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टर उभा होता. मागच्या ट्रॉलीत भांडी, शेळ्या, पोरं, अख्खी टोळी. तिची मुलगीही त्यात, वर्षाची. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता.

"बाई, आज काढाच. न्हाई म्हनू नका. तिकडं रात-रात झोप न्हाई लागत."

"अगं, दाढ चांगली आहे. काढून दुखणं जाणार नाही."

"जाऊ द्या न जाऊ द्या. कायतरी केलं असं वाटंल तरी."

हॉर्न. दत्तू दारात येऊन उभा राहिला. सहा महिने ती परत माझ्यासमोर येणार नव्हती. तीन वर्षं मी हिला नाही म्हणत आले होते आणि त्या तीन वर्षांत तिला माझ्याकडून काय मिळालं होतं? दोन पट्ट्या, त्यातली एक आधी कुलपात आणि मग पायाखाली.

मी इंजेक्शन दिलं आणि दाढ काढली.

दोन बोटांच्या फटीतून काढायला पाऊण तास लागला. चांगल्या दाढेची मुळं घट्ट असतात. ती गेल्यावर शोभाताईंनी दाढ ट्रेमध्ये धुतली, उजेडात धरली, उलटीपालटी केली.

"मॅडम, कीड कुठंय?"

मी हात धूत राहिले.

* * *

चौथ्या वर्षी, एप्रिलमध्ये, चंद्रकला दुखण्यासाठी नाही तर दत्तूचा दात दाखवायला आली होती. मी त्याचं काम करत असताना ती शोभाताईंना मोबाईलवर व्हिडिओ दाखवत बसली. टोळीतल्या एका पोराने फडातल्या कामाचं रील केलं होतं, त्याला खूप लाईक आले होते. "ही बगा मी!" ती हसत म्हणाली. मीही वाकून बघितलं.

ट्रक उभा. ट्रकला लावलेली अरुंद फळी. चंद्रकला डोक्यावर उसाची मोळी घेऊन वर चढतेय, दोन्ही हात मोळीला. साडीवर दत्तूचा जुना शर्ट. आणि डोक्यावरून घेतलेला पदर तोंडावरून आडवा ओढून, त्याचं टोक दातात. डाव्या बाजूला. गच्च.

"थांब. मागे घे. हे तोंडात काय आहे?"

"पदर."

"कशाला?"

"उसाचं वाळलेलं पाचट तोंडाला कापतं ना. आन् हात मोकळं नसत्यात. पदर सरकला तर समोरचं दिसत न्हाई. पडलं मानूस फळीवरनं."

"किती वेळ धरतेस?"

ती गोंधळली. "मोळी खाली टाकंपर्यंत. मंग दुसरी मोळी."

"दिवसभर?"

"ट्रक भरंपर्यंत."

डोक्यावर तेवढं ओझं, मान ताठ, आणि सगळा जोर डाव्या दाढांवर. सोळाव्या वर्षापासून, आधी आईबरोबर, मग नवऱ्याबरोबर. आणि मी चार वर्षं तिला विचारत होते, काय खातेस! तोंडात काय धरतेस, हे एकदाही विचारलं नाही. मला माझ्या डिग्रीची लाज वाटली. पण खरं सांगते, त्याहून जास्त आनंद झाला. कारण सापडलं होतं! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हातात असं काहीतरी होतं जे करता येण्यासारखं होतं.

त्याच दिवशी मी शोभाताईंना बाजारात पाठवलं. मोठ्या सेफ्टी पिनांचं पाकीट आणि दोन सुती स्कार्फ. चंद्रकलेला आरशासमोर उभं केलं. स्कार्फ नाकावरून कसा बांधायचा, पदर शर्टाला पिनेने कुठे पक्का करायचा, दोन पिना कुठे. तिच्याकडून चार वेळा करून घेतलं. चौथ्या वेळी तिने दोन्ही हात डोक्याशी नेऊन, मोळी धरल्यासारखं करून क्लिनिकमध्ये फेरी मारली. पदर जागचा हलला नाही. आम्ही तिघी टाळ्या वाजवून हसलो. दत्तू तोंडात कापूस धरून बघत होता.

त्या दिवाळीत ती गेली तेव्हा मी प्रथमच निवांत होते. मनात तारखा मोजत होते. सहा महिने सांध्यावर ताण नाही, म्हणजे सूज उतरेल, निदान तीन बोटं तरी उघडेल. शोभाताईंना दोनदा तसं बोलूनही दाखवलं.

परवा आली, सीझनवरून थेट, अंगात अजून दत्तूचा तो शर्ट. पोरगी कडेवर. मी बोट लावून बघितलं. जेमतेम दीड.

माझा आवाज चढला. "पिना कुठे गेल्या? त्याही पेटीत ठेवल्यास का?"

"न्हाई बाई, रोज लावते." तिने खांदा पुढे केला. पिन तिथेच होती, शर्टावरून साडीला लावलेली, रोजच्या वापराने गंजलेली. "लई सोयीचं हाय. पदर अजाबात हलत न्हाई."

"मग?"

तिने कडेवरच्या पोरीचे केस मागे सारले.

"तरीबी टोक दातात धरतेच, बाई. दातात नसलं की फळीवर चढताना तोंडातनं कन्हल्यावानी आवाज निघतो. ही खाली बसलेली असती ना. ती भेती."